खोलीत न मावणारी लेन्स

अब्बांच्या शेवटच्या दोन वर्षांतले २१४ फोटो माझ्याकडे आहेत. सगळे मीच काढलेले. चेहरा इतका स्पष्ट, की भुवईतले पांढरे केस मोजून घ्यावेत. आणि चेहऱ्याच्या मागे? मागे काहीच नाही. नुसतं तपकिरी, लोण्यासारखं मऊ धुकं.

त्या धुक्यात एक अख्खं दुकान आहे. मिरजेच्या एका बोळात, आमच्याच घराची पुढची खोली, दहा बाय दहा फुटांची. अब्बांनी तिथे बसून आयुष्यभर तानपुऱ्यांच्या जवाऱ्या काढल्या. मिरजेत सितार-तानपुरे बनतात हे बहुतेकांना ठाऊक असतं. शिकलगारांनी हत्यारांचं काम सोडून इथे तंतुवाद्यं घडवायला घेतली, त्याला दीडशेहून जास्त वर्षं झाली. अब्बा काही त्या नावाजलेल्या कारागिरांपैकी नव्हते. पण तारेखाली सुताचा दोरा सरकवून ते कान लावून बसले, की बोळातली पोरंसुद्धा गप्प व्हायची.

गेल्या वर्षी भाचा आला. पदवी झाली, नोकरी नाही, नानाचं काम शिकायचं मनात आलेलं. म्हणाला, "मामू, नाना तानपुरा मांडीवर कसा धरायचे? कानशी भिंतीवर कुठल्या क्रमाने असायच्या? तुमच्याकडे एवढे फोटो आहेत, दाखवा ना."

मी सगळे २१४ फोटो उघडले. एकातही उत्तर नव्हतं. अब्बा गेल्यावर ती हत्यारं गोणीत भरून माळ्यावर गेली होती, खोलीत आता कपाट आहे. उत्तर सापडलं ते आपाच्या जुन्या मोबाइलमध्ये, एका तिरक्या फोटोत. कोपऱ्यात तिचं बोट आलेलं आणि चहाचा ग्लास अर्धा कापलेला. पण भिंत होती, कानशी होत्या, मांडीवरचा तानपुरा पूर्ण होता. माझ्या महागड्या कॅमेऱ्याला जे जमलं नाही, ते तिच्या स्वस्त फोनने करून ठेवलं होतं.

दोष माझा आहेच. पण मला मिळालेल्या एका सल्ल्याचाही आहे, आणि तो सल्ला आजही रोज कुणाला ना कुणाला दिला जातो. "क्रॉप सेन्सरचा कॅमेरा आहे ना? मग पहिली प्राइम लेन्स म्हणजे ५० मिमी, एफ १.८. डोळे झाकून घे." दुकानदाराने हेच सांगितलं, फोटो काढणाऱ्या मित्रांनीही हेच. मी डोळे झाकून घेतली. फोटो काढण्याच्या कामाची सुरुवात डोळे झाकून करू नये, एवढं साधं शहाणपण तेव्हा सुचलं नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. क्रॉप सेन्सरच्या कॅमेऱ्यावर रोजच्या वापरासाठी ५० मिमी ही चुकीची लेन्स आहे. वाईट नव्हे, चुकीची. रोजची लेन्स ३५ची किंवा त्याहून कमी, म्हणजे २४-२८ची असावी. माझ्याशी भांडायचं असेल त्यांनी जरूर भांडावं, पण आधी हिशेब पाहावा.

ज्यांना हे शब्द नवे आहेत त्यांच्यासाठी दोन ओळी. प्राइम म्हणजे झूम नसलेली लेन्स. दृश्य लहानमोठं करायचं तर स्वतः पुढे-मागे व्हायचं. क्रॉप सेन्सर म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान सेन्सर. फिल्मची चौकट ३६ बाय २४ मिमी. निकॉन, सोनी, फूजी यांचा क्रॉप सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६, कॅननचा त्याहून किंचित लहान. लेन्स तीच राहते, पण सेन्सर लहान असल्यामुळे दृश्याच्या कडा कापल्या जातात. म्हणून ५०ची लेन्स निकॉनवर फिल्मच्या ७५सारखी आणि कॅननवर ८०सारखी दिसते.

आता हा ५०चा आकडा आला कुठून? ऑस्कर बार्नाक यांनी सिनेमाची फिल्म आडवी वापरून छोटा कॅमेरा बनवला. १९२५मध्ये तो लायका या नावाने बाजारात आला. त्यावर ५० मिमीची लेन्स होती. ३६ बाय २४च्या चौकटीचा कर्ण सुमारे ४३ मिमी भरतो. ज्या लेन्सचा आकडा चौकटीच्या कर्णाच्या आसपास असतो तिला 'नॉर्मल' म्हणायची रीत आहे, आणि ५० त्या आसपासची म्हणून ती नॉर्मल ठरली. ठीक. पण क्रॉप सेन्सरचा कर्ण २८ मिमीच आहे. म्हणजे याच न्यायाने आपल्या कॅमेऱ्याची नॉर्मल लेन्स २८च्या आसपासची. ५० नव्हे. आजोबांच्या मापाचा अंगरखा नातवाला घालायचा आणि वर 'खानदानी आहे, शोभतो' म्हणायचं, तसा हा प्रकार.

५०ची बाजू घेणारे हटकून आंरी कार्तिए-ब्रेसाँचं नाव काढतात. त्या थोर माणसाने बहुतेक सगळं काम ५० मिमीवर केलं हे खरंच आहे. पण त्यांच्या लायकात क्रॉप सेन्सर नव्हता, ३५ मिमीची पूर्ण फिल्म होती. त्यांच्या ५०ला जितकं दिसायचं तितकं आपल्या निकॉनवर पाहायचं असेल तर ३३ची लेन्स लागेल. बाजारात तिच्या जवळची ३५ मिळते. म्हणजे कार्तिए-ब्रेसाँ माझ्या बाजूचे साक्षीदार आहेत. त्यांना समोरच्या वकिलाने उगाच बोलावलं.

दुसरा पुरावा खुद्द कंपन्यांचा. ज्या कॅमेऱ्याची लेन्स निघतच नाही, त्यात कंपनीला एकच निवड करावी लागते. चुकली तर कॅमेरा पडून राहणार. अशा क्रॉप सेन्सरच्या कॅमेऱ्यांत त्यांनी काय बसवलं? लायकाच्या २००९च्या एक्स१मध्ये २४ मिमी. फूजीच्या २०११च्या एक्स१००मध्ये २३, आणि २०२४मध्ये सहावी आवृत्ती आली तरी तो आकडा बदललेला नाही. रिकोच्या २०१३च्या जीआरमध्ये १८.३, पुढे २०२१मध्ये 'जरा लांबची हवी' म्हणणाऱ्यांसाठी त्यांनी वेगळा कॅमेरा काढला, त्यात २६. अपवाद आहे आणि तो सांगायला हवा: सिग्माने २०१३च्या डीपी३मध्ये ५० बसवली होती. पण ते तीन भावंडांतलं धाकटं. ज्याच्याकडे दुसरं काही आहे त्याच्यासाठी. एकच लेन्स द्यायची वेळ आली तेव्हा बहुतेकांनी २८च्या खालीच मुक्काम केला.

आता त्रैराशिक. मी शाळेत मराठी शिकवतो, गणिताचा मास्तर नाही. पण एवढं मलाही फळ्यावर मांडता येतं. सेन्सरची रुंदी भागिले लेन्सचा आकडा, गुणिले अंतर. म्हणजे तेवढ्या अंतरावर किती रुंद दृश्य मावेल ते कळतं. दहा फुटांच्या खोलीत समोरचा माणूस भिंतीला टेकून बसलेला आणि मी दुसऱ्या भिंतीला पाठ लावून उभा. तरी आमच्यात दोन मीटरपेक्षा जास्त अंतर उरत नाही. या अंतरावर ५०मध्ये ९४ सेंटिमीटर रुंदी मावते. ३५मध्ये १३४. आणि २४मध्ये जवळजवळ दोन मीटर.

पुरुषी गळ्याचा तानपुरा साधारण पाच फूट, म्हणजे दीड मीटर. ५०मध्ये तो आडवा मावत नाही आणि तिरकाही मावत नाही, कारण त्या चौकटीचा कर्णसुद्धा १ मीटर १३ सेंटिमीटरच भरतो. ३५चा कर्ण १ मीटर ६१. तिरका धरलेला तानपुरा त्यात बसतो, भोपळ्यापासून खुंट्यांपर्यंत. जवारी काढताना अब्बा तो तिरकाच धरायचे. हे मला आपाच्या फोटोतून कळलं.

"मग मागे सरकायचं!" हे ठरलेलं उत्तर. प्राइम लेन्सवाल्यांचा आवडता मंत्रच आहे तो: पाय म्हणजेच झूम. माझा प्रश्न एवढाच, की मागे म्हणजे कुठे? आमच्या उंबऱ्याबाहेर गटाराची फरशी, फरशीपलीकडे शेजाऱ्यांची मोटरसायकल, मोटरसायकलपलीकडे समोरच्यांचं दार. मी त्या फरशीवर उभा राहून फोटो काढले आहेत. अम्मी आतून ओरडायची, "अरे, घरात ये की!" मला घरात येता येत नव्हतं, कारण माझी लेन्स घरात मावत नव्हती. मागे सरकायचा सल्ला देणाऱ्याच्या पाठीमागे नेहमी मोकळी जागा असते; ती आपल्याही मागे असेल असं तो धरून चालतो. आपली घरं चाळीतली, वाड्यातली, मोहल्ल्यातली, झालंच तर एका खोलीच्या फ्लॅटमधली. रोजची लेन्स म्हणजे या घरांत चालणारी लेन्स. निकाहच्या दिवशी नवरीच्या खोलीत पंधरा बायका, तीन लहान मुलं आणि एक पिठाचा डबा असतो. तिथे मागे सरकून दाखवा.

दुसरा आक्षेप: "५०ने मागचं सुंदर धूसर होतं." होतं. त्याच अंतरावरून, त्याच एफ १.८वर, ३५ची धूसरता साधारण निम्मी असते. पण मला विचारायचं आहे, मागचं धूसर करायची एवढी घाई कशासाठी? अम्मीच्या मागची मांडणी, तिच्यावर उलटे ठेवलेले पितळी तांबे, कॅलेंडरवर तिने दुधाच्या हिशेबाच्या मारलेल्या खुणा, हा पसारा नाही. ती अम्मीच आहे. माणसाला त्याच्या जागेवरून उचलायचं आणि लोण्यावर चिकटवायचं, याला आपण सुंदर म्हणायला शिकलो, कारण किट लेन्सला ते जमत नव्हतं आणि नव्या लेन्सचे पैसे वसूल झाल्यासारखे वाटायला हवे होते. मी स्वतः यातच अडकलो. २१४ वेळा अडकलो.

कुणी म्हणेल, ५०वरही छिद्र बारीक करून एफ ५.६ला फोटो काढता येतो, मग मागचं दिसेल. येतो. पण खोलीत एकच दिवा. एफ १.८ आणि एफ ५.६ यांत प्रकाशाचा जवळपास दहापट फरक पडतो. प्राइम ज्या कामासाठी घेतली, नेमकं तेच गेलं. शिवाय चौकट तेवढीच राहते. ९४ सेंटिमीटरचे १३४ होत नाहीत. हात हलण्याचा हिशेबही ५०च्या विरोधात जातो. क्रॉप धरून ५०ला सेकंदाच्या पंचाहत्तराव्या भागापेक्षा हळू शटर नको, ३५ला पन्नासाव्या भागापर्यंत चालतं. अंधाऱ्या खोलीत तेवढाही फरक कामी येतो.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि तो मी हसण्यावारी नेत नाही. पगारातून हप्ते भरणाऱ्याला पैशाचं महत्त्व सांगायला नको. कॅननमध्ये ५० एफ १.८ सर्वांत स्वस्त मिळते हे खरं. पण स्वस्त लेन्स घेऊन वर्षभराने दुसरी घ्यावी लागली, तर पहिली स्वस्त कशी? निकॉनवाल्यांना आणखी एक धोका. जुनी ५० एफ १.८ डी स्वस्तात दिसते, पण डी३५०० किंवा डी५६००सारख्या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते, आणि त्या लेन्समध्येही नसते. मग प्रत्येक फोटोला हाताने फोकस करत बसा. हे घेण्याआधी विचारून घ्या, कारण सांगणारा आपणहून सांगेलच असं नाही.

चौथा आक्षेप सर्वांत भक्कम आहे. "वाइड फोटो तर फोनही काढतो. मग कॅमेऱ्यावर वेगळं काही हवं, म्हणून ५०." यात तथ्य आहे. फोनचा मुख्य कॅमेरा फिल्मच्या हिशेबात २४ ते २८च्या आसपास असतो. पण क्रॉपवरची ३५ त्या हिशेबात ५२ होते, म्हणजे फोनच्या निम्म्या रुंदीचंच दृश्य दाखवते. फोनपेक्षा ती पुरेशी वेगळी आहे. वेगळेपणासाठी आणखी पुढे जाऊन घराबाहेर पडायची गरज नाही.

आणि जिथे ५० खरोखर चांगली आहे तेही सांगतो, नाहीतर हा लेख वकिली होईल. फक्त चेहरा हवा असेल, तर ३५ घेऊन फार जवळ जावं लागतं आणि नाक मोठं दिसतं. तो दोष लेन्सचा नव्हे, जवळ जाण्याचा; पण फोटोत तो दिसतोच. स्नेहसंमेलनाच्या स्टेजवरची मुलं, मैदानावरची कवायत, मोकळ्या अंगणातला एकटा माणूस, इथे ५० घ्या, खुशाल घ्या. ती चेहऱ्याची लेन्स आहे. पण रोज आपण नुसते चेहरे जगत नाही.

अंतराला आणखी एक अर्थ आहे, आणि मास्तर म्हणून मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ३५ घेऊन अर्ध्या अंगाचा फोटो काढायचा तर मी समोरच्यापासून बोलण्याच्या अंतरावर असतो. सलाम केल्याशिवाय, 'काढू का?' विचारल्याशिवाय तिथे उभं राहता येत नाही. तो 'नको' म्हणाला तर ते ऐकू येतं. लेन्स जसजशी लांबची होते तसतशी ही विचारण्याची गरज कमी होत जाते, आणि बोळाच्या तोंडाशी उभं राहून कुणाच्याही दारातला फोटो घेता येतो. आमच्या बोळात असे पाहुणे येतात. ते फोटो छान असतात. पण त्यांतला माणूस कॅमेऱ्याकडे पाहत नसतो, कारण त्याला माहीतच नसतं.

माझ्या वर्गातला एक फोटो सांगतो. उर्दू माध्यमाची शाळा, सहावीची मुलगी, बाकावर दोन वह्या उघड्या. एकीत उर्दू, उजवीकडून डावीकडे. दुसरीत मराठी, डावीकडून उजवीकडे. दोन्ही वह्यांच्या मधल्या घडीजवळ तिचा हात थांबलेला, पेन्सिल ओठाला. सव्वा मीटरच्या आत मी उभा होतो. बाकांच्या रांगेत त्याहून जास्त जागा नसते. तिला आणि तिच्या आईला विचारून फोटो काढला. त्या अंतरावर ३५मध्ये ८० सेंटिमीटर मावतात, म्हणजे दोन उघड्या वह्या. ५०मध्ये ५६. एकच वही मावली असती. कुठली ठेवली असती मी?

आता काय घ्यायचं ते थोडक्यात. निकॉनचा डीएसएलआर असेल तर डीएक्स ३५ एफ १.८ जी, २००९ची लेन्स आहे, वजन २०० ग्रॅम, वापरलेलीही मिळते. कॅननचा असेल तर ईएफ-एस २४ एफ २.८, २०१४ची, १२५ ग्रॅमची, पुरीसारखी चपटी. तिचं छिद्र थोडं लहान आहे, पण तिला अख्खी खोली दिसते. निकॉनचा नवा झेड असेल तर २४ एफ १.७; क्रॉप सेन्सरच्या झेड कॅमेऱ्यांसाठी त्यांनी पहिली प्राइम काढली ती २०२३मध्ये, आणि तीही ५० नव्हती.

पण माझंही डोळे झाकून ऐकू नका. पैसे खर्च करण्याआधी एक आठवडा द्या. तुमची १८-५५ची किट लेन्स ३५वर आणा आणि चिकटपट्टी लावून टाका. तीन दिवस घरात, वर्गात, दुकानात, मोहल्ल्यात फोटो काढा. मग पट्टी काढून ५०वर लावा, पुन्हा तीन दिवस. सातव्या दिवशी दोन्ही ढीग घरातल्या माणसांना दाखवा, फोटो काढणाऱ्या मित्रांना नव्हे. मित्र धूसरता पाहतील. घरची माणसं 'अरे, हे बघ मागे काय दिसतंय' म्हणतील. ज्या ढिगाशी ती जास्त वेळ रेंगाळतील, ती तुमची लेन्स.

मी ५० विकली नाही, कपाटात आहे. भाच्याने माळ्यावरची गोणी खाली काढली आहे. बोळाच्या दुसऱ्या टोकाला एका उस्तादांच्या हाताखाली तो रोज बसतो, आणि संध्याकाळी कपाट सरकवून त्याच खोलीत घोडीवर कानस चालवत राहतो. अजून आवाज लागत नाही. परवा मी भिंतीला पाठ लावून, घरात उभा राहून, त्याचा फोटो काढला. त्याच्या डोक्यामागे भिंतीवर सात कानशी आहेत. आपाच्या फोटोत पाहून त्याच क्रमाने लावलेल्या.